आधी गप्पा, मग फोटो: फॅशन फोटोग्राफीच्या शंभर वर्षांतून बुटिक, पार्लर आणि स्टुडिओवाल्यांनी काय घ्यायचं

हा लेख या आठवड्याच्या व्हिडिओसोबतचा. व्हिडिओत मी कॅमेऱ्यासमोर बसवून दाखवलं, इथे त्यामागची गोष्ट जरा निवांत सांगते. चहा घेऊन बसा.

दिग्रस, दारव्हा, पुसद, आर्णी या पट्ट्यातल्या बुटिक, साडी सेंटर, पार्लरवाल्या ताईंचे व्हॉट्सॲप स्टेटस मी रोज बघते. त्यात साधारण तीन तऱ्हेचे फोटो असतात. एक, हँगरला लटकवलेला ब्लाउज. दोन, ब्लाउज घातलेली बाई, पण मानेपासून वर कापलेली. तीन, कुठूनतरी डाउनलोड केलेली मुंबईची नाहीतर हैदराबादची मॉडेल आणि खाली आपल्या दुकानाचं नाव. तिसरा फोटो सगळ्यात सुंदर असतो आणि धंद्याचं सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. गिऱ्हाईक दुकानात येतं, मोबाइल पुढे करतं, "हे तुम्हीच शिवलं का?" विचारतं, आणि मग उत्तर देता येत नाही.

मग मी म्हणते, आपल्याच गिऱ्हाइकाचा फोटो लावा. त्यावर लगेच उत्तर येतं: "मॅडम, आमच्याकडच्या बाया फोटोत चांगल्या येत नाहीत. लाजतात." आजचा धडा या एका वाक्यावर आहे. फोटोत चांगलं येणं हा बाईचा गुण नाही. ते फोटो काढणाऱ्याचं काम आहे. आणि हे काम जगातल्या मोठमोठ्या लोकांनी कसं केलं, कुठे बिघडवलं, याची चांगली शंभर वर्षांची नोंद आपल्यासमोर आहे.

सुरुवात कापडापासून झाली. १९११ साली एडवर्ड स्टायकेन या फोटोग्राफरने पॅरिसमध्ये पॉल पॉयरे या शिवणकाराचे झगे घातलेल्या बायकांचे फोटो काढले. आधुनिक फॅशन फोटोग्राफी तिथून सुरू झाली असं बरेच जण मानतात. त्याआधी फॅशनच्या मासिकांत जास्त करून चित्रं असायची. पुढे हाच स्टायकेन 'व्होग' मासिकाचा मोठा फोटोग्राफर झाला. जुलै १९३२ मध्ये त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर पहिल्यांदा रंगीत फोटो आला, तोही त्याचाच.

पण याच स्टायकेनच्या एका फोटोची दुसरी बाजू आहे. ली मिलर नावाची एक तरुण मॉडेल होती, न्यूयॉर्कची, तेव्हा चांगली नावाजलेली. स्टायकेनने तिचा संध्याकाळच्या पोशाखातला एक देखणा फोटो काढला. १९२८ साली तो फोटो अमेरिकेतल्या मासिकांत सॅनिटरी पॅडच्या जाहिरातीत छापून आला. तिला कोणी विचारलंच नव्हतं. त्या काळात त्या वस्तूचं नावसुद्धा कोणी मोठ्याने घेत नसे, आणि तिच्या जाहिरातीत खऱ्या बाईचा, ओळखू येणारा चेहरा! मोठा गहजब झाला आणि फॅशनची कामं तिच्याकडे येईनाशी झाली. ली मिलर पुढे पॅरिसला गेली, स्वतः फोटोग्राफर झाली, दुसऱ्या महायुद्धात युद्धभूमीवरून फोटो पाठवणाऱ्या मोजक्या बायकांपैकी एक ठरली. ती खमकी होती म्हणून तिने मार्ग काढला. सगळ्यांना तो काढता येत नाही.

फोटो उत्तम होता हे लक्षात घ्या. प्रकाश, पोशाख, उभं राहणं, कशातच खोट नव्हती. बिघडलं ते फोटो कुठे वापरला त्याने. याकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण आपल्या गावात नेमकं हेच बिघडतं.

आता आपल्याकडे येऊ. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिल्यांदा एक भारतीय नटी झळकली, ती म्हणजे लीला चिटणीस. धारवाडला जन्मलेली, मराठी, पदवीधर. बायकांनी सिनेमात जाणं हलकं समजत त्या काळात ती नाटकात आणि मग सिनेमात आली. चार मुलं वाढवायची होती. १९३९ च्या 'कंगन'ने तिला देशभर ओळख दिली. साबण विकणाऱ्यांनी नुसतं सुंदर चित्र न घेता नाव असलेली बाई घेतली. लोक तिला ओळखत होते, म्हणून साबणावर विश्वास बसणार होता. तुमच्या बाबतीतही हाच हिशेब आहे, फक्त लहान मापात. दिग्रसच्या बाजारात मुंबईच्या मॉडेलला कोणी ओळखत नाही. पण शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या सिस्टर, बचत गटाच्या अध्यक्ष यांना अर्धं गाव ओळखतं. त्यांनी घातलेला तुमचा ब्लाउज ही तुमची लक्सची जाहिरात.

फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले जे. एच. ठक्कर यांनी दादरला इंडिया फोटो स्टुडिओ काढला. नर्गिस, मधुबाला, नलिनी जयवंत या सगळ्यांचे काळे-पांढरे पोर्ट्रेट तिथे झाले. प्रखर दिवा, गडद सावली, डोळ्यांत चमक. ते फोटो कुठे दिसले तर सावल्या नीट बघा. पण एक स्पष्ट सांगते, ती पद्धत तुम्ही कॉपी करू नका. तसा दिवा वापरायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. आपल्याला त्याच्या उलट टोकाचा माणूस जास्त कामाचा आहे.

तो माणूस म्हणजे गौतम राजाध्यक्ष. १९५० चा जन्म, २०११ मध्ये गेले. मुंबईच्या सेंट झेवियर्सचे विद्यार्थी, आणि काही काळ तिथेच शिकवलंही. मग १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीत लागले. हे लिंटास मुळात लक्सवाल्या लिव्हर कंपनीचंच अपत्य, नावातला 'ल' लिव्हरचा. म्हणजे लीला चिटणीसपासून राजाध्यक्षांपर्यंत धागा असा जातो. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम यांच्या फोटोंनी त्यांचं नाव झालं. १९८७ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ फोटोग्राफर झाले. 'चंदेरी' या मराठी पाक्षिकाचं संपादन केलं. १९९२ च्या 'बेखुदी' या काजोलच्या पहिल्या सिनेमाची कथा त्यांनी लिहिली. १९९७ मध्ये 'फेसेस' हे पुस्तक आलं, त्यात दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंतचे चेहरे आहेत.

त्या पुस्तकाचं नाव बघा, 'चेहरे'. फॅशनच्या दुनियेत वावरलेला माणूस, पण पुस्तकाला नाव चेहऱ्यांचं. त्यांच्या फोटोत साडी असते, दागिने असतात, मेकअप अगदी नेटका असतो, तरी तुमची नजर आधी डोळ्यांकडे जाते. प्रकाश मऊ, चेहऱ्यावर पसरलेला. कपाळाखाली, नाकाखाली काळे खड्डे नाहीत. आणि बाई आपल्या ओळखीच्या माणसाशी बोलता बोलता थांबल्यासारखी दिसते.

याचं कारण दिव्यात कमी आणि गप्पांत जास्त होतं. राजाध्यक्ष गप्पिष्ट होते, संगीताचे वेडे होते, समोरच्या माणसाची कामं त्यांना माहीत असत. त्यांच्यासमोर बसलेल्या नट्यांनी पुढे सांगितलं ते हेच, की तिथे भीती वाटत नसे. फिल्मचा जमाना होता हेही विसरू नका. मोठ्या आकाराच्या रोलवर बारा फोटो, लहान रोलवर छत्तीस. प्रत्येक फोटोला पैसे पडायचे. त्यामुळे आधी बोलायचं, समोरचं माणूस सैल होऊ द्यायचं आणि मग बटण दाबायचं, ही शिस्त आपोआप यायची. आपण मोबाइलवर साठ फोटो काढतो, बोलत मात्र काहीच नाही. "ताई, हसा." एवढंच. 'हसा' म्हटल्यावर कोणाला हसू आलंय का आजपर्यंत?

एक बाहेरची गोष्ट सांगते, कारण ती अगदी नेमकी बसते. १९४८ साली आयर्विंग पेन हा अमेरिकन फोटोग्राफर जीन पॅचेट या मॉडेलला घेऊन दक्षिण अमेरिकेत पेरू देशाच्या लिमा शहरात गेला. काम 'व्होग'चं. बरेच दिवस गेले, मनासारखा फोटो होईना. शेवटी एका कॅफेत बसल्या बसल्या ती कंटाळली, पायातला बूट काढला, गळ्यातल्या मोत्यांची माळ दातात धरली. पेन म्हणाला, तशीच थांब. तो फोटो आज जगभर माहीत आहे. इतकी तयारी करून गेलेल्या माणसाला फोटो मिळाला तो बाई पोझ विसरली त्या क्षणी.

म्हणून आपल्या दुकानात काय करायचं? ताईच्या हाताला काम द्या. पदर खांद्यावर नीट करायला सांगा. बांगड्या सरकवायला सांगा. ब्लाउजची लेस बोटाने दाखवायला सांगा. आणि विचारा: ही साडी कोणाच्या लग्नात घेतली? ती सांगायला लागते, चेहरा उजळतो. तेव्हा दाबा बटण. साडीची गोष्ट सांगताना लाजणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

पेनची त्याच सफरीतली दुसरी गोष्ट स्टुडिओवाल्या भावांसाठी. फॅशनचं काम संपल्यावर तो कुस्को या डोंगरातल्या गावात गेला. डिसेंबर, ख्रिसमसचे दिवस. तिथे त्याला एक साधा गावचा फोटो स्टुडिओ दिसला. रंगवलेला पडदा, दगडी फरशी, एका बाजूने येणारा दिवसाचा उजेड. आपल्याकडे जुन्या बाजारपेठेत असायचा तसाच. त्याने तो तीन दिवस भाड्याने घेतला, मालकाला सुट्टी दिली. सणासाठी फोटो काढायला आलेल्या लोकांना समोर हा परका माणूस दिसला, आणि एरवी लोक फोटोग्राफरला पैसे देतात, इथे त्यानेच बसणाऱ्यांना दिले. जगातल्या महागड्या स्टुडिओंत काम केलेल्या माणसाने आपली सगळ्यात नावाजलेली काही पोर्ट्रेट गावच्या स्टुडिओत, दिव्याशिवाय, काढली.

म्हणजे रिंग लाइट नाही म्हणून फोटो बरा येत नाही, ही तक्रार आजपासून बंद.

दुकानाचं शटर पूर्ण वर करा. गिऱ्हाईक दारापासून तीन-चार फूट आत, दाराकडे अर्धं तोंड करून बसवा. थेट ऊन अंगावर येऊ देऊ नका, सावलीतला उजेड हवा. दार उत्तरेकडे असेल तर दिवसभर सोनं, पश्चिमेकडे असेल तर दुपारी बारापर्यंत उरका. आतली ट्यूबलाइट बंद, कारण ती डोक्यावर असते, डोळ्यांखाली काळं करते आणि साडीचा रंग हिरवट मारते. चेहऱ्याची दुसरी बाजू काळी वाटली तर तिकडे पांढरा थर्माकोल नाहीतर पांढरी चादर धरायला कोणाला तरी उभं करा. मोबाइल तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. फार जवळ जाऊ नका, जवळून नाक मोठं येतं. चार-पाच पावलं मागे या आणि दोनपट झूम करा. खर्च थर्माकोलचा, बाकी सगळं तुमच्याकडे आहे.

आता एक नाजूक विषय. फिल्टर.

आपल्याकडचे बहुतेक जण फोटो काढला की आधी चेहरा गोरा करतात. गिऱ्हाइकाने मागितलं नसलं तरी. ही सवय आपली एकट्याची नाही. कोडॅक कंपनी फोटो लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना फोटो पाठवायची, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर वर्षानुवर्षं गोरी बाई असायची. तिची कातडी बरोबर दिसली की मशीन बरोबर. सावळ्या माणसाचा फोटो काळवंडून आला तर दोष त्याच्या रंगाचा, असंच सगळ्यांना वाटत राहिलं. ते कार्ड बदलायला विसावं शतक संपत आलं. मासिकांचंही तसंच. मार्च १९६६ मध्ये डोनियल लूना ही काळी मॉडेल ब्रिटिश 'व्होग'च्या मुखपृष्ठावर आली, फोटो डेव्हिड बेलीचा. त्यात तिचा हात चेहऱ्यासमोर आहे आणि बोटांच्या फटीतून एक डोळा तेवढा दिसतो. अमेरिकन 'व्होग'च्या मुखपृष्ठावर काळी बाई, बेव्हरली जॉन्सन, यायला १९७४ चा ऑगस्ट उजाडला.

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर गोरा करणारा फिल्टर साडीलाही गोरं करतो. डाळिंबी गुलाबी होते, मोरपंखी आकाशी होते. गिऱ्हाईक आकाशी समजून येतं, मोरपंखी बघून परत जातं. नाहीतर घरी नेऊन बदलून मागतं. आणि ज्या ताईचा फोटो तुम्ही न विचारता गोरा केला, तिला तुम्ही काय सांगितलंत, याचाही विचार करा. ती बोलणार नाही. पण पुढच्या वेळी फोटोला उभी राहणार नाही, आणि मग आपण म्हणणार, आमच्याकडच्या बाया लाजतात.

आता ली मिलरकडे परत.

आपल्या भागात फोटोवरून घरात भांडणं होतात. नव्या नवरीचा फोटो पार्लरवालीने स्टेटसला टाकला, सासरच्या कोणी पाहिला, स्क्रीनशॉट गावभर. पार्लरवाली म्हणते मी तर कौतुकाने टाकला. कौतुक खरंच असेल, पण किंमत नवरी मोजते. बोलणी तिला बसतात. एखादीचा मोबाइलच काढून घेतात.

स्टुडिओवाल्यांसाठी तर कायदाच स्पष्ट आहे आणि बऱ्याच जणांना तो उलटा वाटतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ सांगतं, की कोणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. काढणारा नाही. म्हणजे लग्नाची ऑर्डर घेतली, पैसे घेतले, आणि नवरीचा मोठा फोटो दुकानाच्या काचेत लावला, तर तुम्ही दुसऱ्याची वस्तू लावलीत. डाउनलोड केलेल्या मॉडेलच्या फोटोलाही मालक असतोच, तो फक्त अजून दिग्रसला आलेला नाही.

या जागी मला बंजारा बायांचे फोटो नेहमी आठवतात. पोहरादेवी आपल्यापासून जवळ, आजूबाजूला तांडे. विसाव्या शतकातल्या पोस्टकार्डांत, कॅलेंडरांत, पर्यटनाच्या पुस्तकांत फेटिया-कांचळी घातलेली, आरशांच्या कशिद्याने लखलखणारी बाई किती वेळा छापली गेली असेल! तिच्या पोशाखाने फॅशनवाल्यांना कल्पना पुरवल्या. फोटोखाली मात्र 'बंजारा स्त्री' एवढंच. शिवलेलं तिचं, चेहरा तिचा, नाव नाही. आज आपल्याकडे बुटिकमध्ये त्याच आरशांच्या कामाचे ब्लाउज विकले जातात. फोटो टाकताना "कशिदा अमुक ताईंचा, तांडा अमुक", तिला विचारून, एवढी एक ओळ लिहिली तर? माझ्या मते ती ओळ कुठल्याही सवलतीच्या पोस्टपेक्षा जास्त गिऱ्हाईक आणेल. हातकाम कोणाचं आहे हे कळलं की भाव कमी करताना लोकांची जीभ जरा अडखळते.

विचारायचं कसं, हा पुढचा प्रश्न. "फोटो टाकू का?" असं मोघम विचारलं की बाई 'हो' म्हणते, कारण नाही म्हणायला संकोच वाटतो. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. कुठे: फक्त स्टेटसला, की इन्स्टाग्रामवर, की दुकानाच्या बोर्डावर? चेहरा दिसलेला चालेल की नको? किती दिवस? आणि काढलेला फोटो टाकायच्या आधी तिला दाखवा. "काहून जी, माह्या फोटोचं काय करता?" असं कोणी विचारलं तर चिडू नका. तो अगदी बरोबर प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार पाहिजे. बिलबुकाच्या मागे एवढं छापून घ्या:

"माझा फोटो दुकानाच्या ____ वर, चेहऱ्यासह / चेहऱ्याशिवाय, ____ तारखेपर्यंत वापरायला माझी परवानगी आहे. मी कधीही सांगितल्यास फोटो काढून टाकला जाईल." खाली सही.

चेहरा नको म्हणणाऱ्या ताईचाही फोटो चांगला होतो. पण मान कापू नका. कापलेला फोटो बघणाऱ्याला कळतं की काहीतरी लपवलंय. तिला पाठमोरी उभी करा, अंबाड्यात गजरा, ब्लाउजची पाठ आणि लटकन पूर्ण दिसू द्या. नाहीतर आरशासमोर बसवून नुसते हात आणि बांगड्या. लपवलेला चेहरा आणि दाखवलेली पाठ यांत फरक आहे. ब्लाउजचं खरं काम तर पाठीवरच असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आणि शक्य असेल तर पेनसारखं करा, काहीतरी द्या. पैसेच पाहिजेत असं नाही. एक ब्लाउज बिनशिलाईचा, एक फेशियल, नाहीतर फोटोची चांगली प्रिंट फ्रेम करून. दुकानाच्या जाहिरातीला तिने चेहरा दिलाय, बाजारात त्याला दर आहे.

या आठवड्याचं काम. एकच गिऱ्हाईक निवडा, जिला तुम्ही चांगलं ओळखता. शटरच्या उजेडात बसवा. पहिली दहा मिनिटं मोबाइल काउंटरवर उलटा ठेवा, नुसतं बोला. मग फक्त बारा फोटो, राजाध्यक्षांच्या रोलइतके. तेरावा नाही. त्यातला एक तिला निवडू द्या, एक तुम्ही निवडा, आणि दोघींनी वेगवेगळे निवडले तर तिचा टाका. फिल्टर न लावता. परवानगीच्या ओळी भरून घ्या आणि टाकल्यावर किती जणींनी दुकानाचा पत्ता विचारला ते वहीत लिहून ठेवा. आधीच्या डाउनलोड केलेल्या फोटोंना किती जणींनी विचारलं होतं, तेही शेजारी लिहा.

पुढच्या व्हिडिओत नऊवारी आणि पैठणीचा काठ फोटोत नीट कसा आणायचा ते घेऊ. ज्यांच्या दुकानाचं दार दक्षिणेकडे आहे त्यांनी कमेंटमध्ये लिहा, तुमच्यासाठी उजेडाची वेगळी सोय दाखवते.